जुन्या व्हॅनचे पाटे आणि गंज : काही अनुभवाच्या गोष्टी



स्मरणिकेसाठी लेख द्या, असे आपल्या चिटणीसांनी सांगितले तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी बँकेत लिपिक आहे. शिक्षण कला शाखेचे, पदवीचा विषय इतिहास. लिहिण्याजोगे माझ्यापाशी काय असणार? त्यावर ते म्हणाले, "दर एप्रिलमध्ये रविवारचे तुम्ही गाडीखाली झोपून जे काही करता ना, तेच लिहा. चार जणांनी मला विचारले आहे." म्हणून हा लेख.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे गाव कोकणात आणि पोट मुंबई-ठाण्यात. अनेकांनी पै-पै साठवून सेकंड हँड व्हॅन घेतली आहे. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असो, कोणाचे लग्न असो की गावचा कार्यक्रम असो, तीच व्हॅन धावते. ती धुतली जाते, पुसली जाते, तिचे इंजिन ऑइल वेळेवर बदलले जाते. पण तिच्या पोटाखाली काय चालले आहे, हे सहसा कोणी वाकून पाहत नाही. मीही पाहत नव्हतो. ते पाहायला कसा शिकलो, तेथून सुरुवात करतो.

घाटातला प्रसंग

माझी गाडी मारुती ऑम्नी, २००४ सालची. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली, १९८८ पासून तिला ऑम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. ७९६ सी.सी.चे छोटे इंजिन, १२ इंची चाके आणि भरपूर जागा. मी ती २०१२ साली जुनी घेतली. आधीच्या मालकाने ती किनाऱ्यालगतच्या गावात वापरली होती, हे मला माहीत होते. पण त्याचा अर्थ काय होतो हे माहीत नव्हते.

२०१५ साली एका गॅरेजमध्ये मी गाडीला खालून गंजरोधक काळा लेप मारून घेतला. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी परत मिळाली. खालून सगळे कसे काळेभोर आणि नवे दिसत होते. "आता पाच वर्षे खाली बघायचे काम नाही," असे मला सांगण्यात आले आणि मी खरोखरच खाली बघितले नाही.

मे २०१७ मध्ये आई, पत्नी, दोन मुले आणि सामान घेऊन गावी निघालो होतो. कशेडी घाटातून खेडच्या बाजूला उतरत असताना एका खड्ड्यात मागचे डावे चाक आदळले. 'खाड्' असा आवाज झाला आणि गाडी आपोआप डावीकडे ओढू लागली. सुदैवाने वेग कमी होता आणि डाव्या हाताला डोंगर होता. कशीबशी बाजूला घेतली. उतरून पाहतो तो मागचे डावे चाक आपल्या जागेवरून मागे सरकून पत्र्याला घासत होते. मागच्या पाट्यातील सर्वांत वरचा, म्हणजे मुख्य पाटा पुढच्या डोळ्यापाशी तुटला होता.

खेडहून एक वयस्कर मेस्त्री आले. त्यांनी तुटलेला तुकडा माझ्या हातात दिला आणि काळ्या लेपावर नख लावले. लेप पापुद्र्यासारखा सुटून आला. त्याखाली लाल भुगा होता. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग जुना, गंजलेला होता आणि उरलेला अर्धाच ताजा, चकचकीत होता. मेस्त्री म्हणाले, "साहेब, हा आज नाही तुटला. अर्धा कधीचाच तुटलेला होता. गंजावरच रंग मारलाय, मग दिसणार कसा?"

ते वाक्य मी विसरलो नाही. लेप मारणाऱ्याचा दोष होताच. पण न पाहता विश्वास ठेवणारा मी होतो, आणि गाडीत माझी माणसे होती. त्या वर्षापासून मी वाचायला, विचारायला आणि गाडीखाली शिरायला लागलो. पुढे जे सांगणार आहे, ते त्यातून शिकलेले.

गाडी कशावर उभी असते

गाडीची बॉडी आणि चाके यांच्यामध्ये जी यंत्रणा असते तिला सस्पेन्शन म्हणतात. तिची कामे दोन. खड्ड्याचा धक्का सोसणे हे एक, आणि चाक आपल्या जागेवर, रस्त्याला टेकलेले ठेवणे हे दुसरे. आपण पहिल्या कामाचाच विचार करतो, कारण धक्का आपल्या पाठीला कळतो. जिवावर बेतते ते मात्र दुसरे काम बिघडले म्हणजे.

ऑम्नीला पुढच्या बाजूस प्रत्येक चाकाला एक उभा शॉकअप आणि त्याभोवती गोल गुंडाळलेली स्प्रिंग असते. खाली एक आडवा दांडा असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याच्या आतल्या टोकाला रबरी बुश आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. स्टिअरिंग फिरवले की चाक वळते, ते या बॉल जॉइंटवर.

मागच्या बाजूस आपल्या एस.टी. बसला किंवा ट्रकला असतात तसे पाटे असतात. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, मधोमध सेंटर बोल्टने एकत्र धरलेल्या आणि यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेल्या. मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे असतात. पुढचा डोळा बॉडीला पक्का जोडलेला असतो. मागचा डोळा शॅकलला, म्हणजे दोन पट्ट्यांच्या एका छोट्या झोक्याला टांगलेला असतो. वजन पडले की पाटा सपाट होतो आणि त्यामुळे लांब होतो. त्या वाढीव लांबीला जागा देण्यासाठी हा झोका. गंजाने शॅकल जाम झाला, तर पाट्याला लांब व्हायला जागाच उरत नाही. मग सगळा ताण पाट्यावर आणि बॉडीच्या ब्रॅकेटवर येतो.

येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, अशा मागच्या ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारे दुसरे काही नसते. पाटाच स्प्रिंग आणि पाटाच दावे. म्हणूनच माझा पाटा तुटल्याबरोबर चाक मागे सरकले.

लोखंड लाल का होते

कोकणातला जांभा दगड आणि तेथली माती लाल असते, ती लोहाच्या ऑक्साईडमुळे. गंज हा त्याच कुळातला. खाणीतून लोखंड निघते तेही बहुतांशी ऑक्साईडच्याच रूपात. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन माणूस त्यातला प्राणवायू काढून घेतो आणि लोखंड मिळवतो. पाणी आणि हवा मिळाली की लोखंड पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे जाऊ लागते. त्यालाच आपण गंजणे म्हणतो.

नुसत्या कोरड्या हवेत लोखंड सहसा गंजत नाही. पाणी हवे, आणि त्यात मीठ असले तर ही क्रिया फार जोरात होते, कारण खारे पाणी वीज चांगली वाहून नेते आणि गंजणे ही मुळात एक विद्युत-रासायनिक क्रिया आहे. श्रावणात बरणीतले मीठ ओले होते, हे घरोघरी माहीत आहे. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. गाडीखाली चिकटलेले खारे कण तेच करतात. पाऊस पडत नसला, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असली, तरी किनाऱ्याकडची गाडी खालून ओलीच राहते. त्यात लाल चिखल कोपऱ्यांत साचून फडक्यासारखा ओल धरून ठेवतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पट्ट्यांच्या फटीत गंज झाला की तो पाचरीसारखा त्यांना फाकवतो. पाट्यांच्या पट्ट्यांमध्ये फट पडलेली दिसते ती त्यामुळे. दुसरी, स्प्रिंग सतत वाकते आणि सरळ होते. साध्या पत्र्याला गंजाने बारीक खड्डा पडला तर फक्त तेवढीच जाडी कमी होते. स्प्रिंगला खड्डा पडला तर प्रत्येक हेलकाव्याचा ताण त्या खड्ड्याच्या तळाशी गोळा होतो, तेथे केसाएवढी चीर जाते आणि ती हळूहळू वाढत राहते. शेवटी एखादा साधा खड्डाही पुरेसा होतो. माझ्या पाट्याची अर्धी जुनी, अर्धी ताजी तूट हीच कहाणी सांगत होती.

तपासणी कशी करावी

बँकेत हिशेब जुळला तरी तपासनीस मूळ व्हाउचर पाहतो. गाडीचेही तसेच आहे. वरचा रंग हा हिशेब, आतले लोखंड हे व्हाउचर.

प्रथम सुरक्षेची गोष्ट, आणि ती विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक सरकतो, बसतो. सपाट व टणक जमिनीवर गाडी उभी करून, उरलेल्या चाकांना पुढून-मागून उटी लावून, बॉडीच्या मजबूत जागी लोखंडी घोड्या लावाव्यात. गॅरेजमध्ये यांनाच स्टँड म्हणतात. विटा किंवा जांभ्याचे चिरे लावू नयेत. ते एकाएकी फुटतात. स्टँड नसतील तर गॅरेजमध्ये रॅम्पवर गाडी चढवून पाहावी.

मग पुढीलप्रमाणे पाहावे.

१) गाडी सपाट जागी रिकामी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. डाव्या-उजव्या बाजूत स्पष्ट फरक असेल, तर त्या बाजूची स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे असे समजावे.

२) गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती डोलतच राहिली, तर शॉकअप गेला. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेले दिसले तरी तोच अर्थ.

३) चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खटखट जाणवली, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खटखट आली, तर टायरॉड एंड पाहावा. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली असेल, तर आत पाणी-माती गेलीच असे धरून चालावे.

४) पाट्यांच्या पट्ट्या तारेच्या ब्रशने घासून, बॅटरीच्या उजेडात निरखाव्यात. विशेषतः डोळ्यांच्या मुळाशी आणि सेंटर बोल्टच्या आसपास. तुटण्याची शक्यता तेथेच जास्त असते.

५) ज्या ब्रॅकेटला पाटा आणि शॅकल जोडलेले असतात, ते ब्रॅकेट आणि भोवतालचा पत्रा हातोडीने हलके वाजवून पाहावा. चांगले लोखंड खणखणते, सडलेले बद्द वाजते. जुना स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहावा. तो आत गेला, तर तेथे पत्रा उरलेला नाही, फक्त रंग उरला आहे.

ऑम्नीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्रा वाकवून केलेल्या पोकळ पेट्या बॉडीलाच जोडलेल्या असतात आणि सगळा भार त्यांच्यावर असतो. त्या आतून गंजतात. बाहेरून फोड दिसतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

काय दुरुस्त करावे, काय बदलावे

येथे आपल्या लोकांची खरी गफलत होते. पैसे वाचवावेत हे योग्यच. पण कशावर वाचवावेत याचा विवेक हवा.

पाटा आणि स्प्रिंग यांना कधीही वेल्डिंग करू नये. ते साधे लोखंड नसते. तापवून, थंड करून आणि पुन्हा ठरावीक उष्णता देऊन त्या पोलादात लवचीकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो पाणी दिलेला गुण तेवढ्या जागी निघून जातो आणि पाटा तेथेच, बहुधा थोड्याच दिवसांत, पुन्हा तुटतो. तडा गेलेला, खोल खड्डे पडलेला किंवा बसलेला पाटा बदलावा, आणि शक्यतो दोन्ही बाजूंचा एकदम. एक नवा आणि एक जुना ठेवला, तर गाडी एका अंगावर कलते आणि ब्रेक मारताना ओढते. शॉकअपही जोडीनेच बदलावेत.

पाटा उतरवला की यू-बोल्ट नवे घालावेत. एकदा आवळून ताणलेला, वर गंजलेला यू-बोल्ट पुन्हा वापरण्यात शहाणपण नाही. तो ॲक्सलला धरून ठेवतो, एवढे आठवले म्हणजे त्याची किंमत जड वाटणार नाही. नवे बोल्ट घातल्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालवून ते पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नव्या जोडणीत सर्व भाग बसायला थोडा वेळ लागतो.

रबरी बुशबद्दल एक गोष्ट पुष्कळ गॅरेजमध्येही पाळली जात नाही. ज्या बुशचे रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेले असते, त्याचा बोल्ट गाडी वर उचललेली असताना पूर्ण आवळू नये. हाताने बसवून ठेवावा, गाडी चाकांवर उतरवावी, वजन पडू द्यावे आणि मग आवळावा. चाक लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते आणि काही महिन्यांत फाटते. नवा बुश टिकत नाही, माल डुप्लिकेट असणार, अशी तक्रार आपण करतो. कधी कधी माल चांगला असतो, बसवणे चुकलेले असते.

पुढच्या गोल स्प्रिंगच्या वाटेला घरी जाऊ नये. ती दाबून बसवलेली असते. स्प्रिंग दाबण्याचे खास अवजार न लावता वरचा नट उघडला, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. ते काम जाणकाराचेच. पुढचा शॉकअप किंवा लोअर आर्म काढून बसवल्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतात.

सडलेले ब्रॅकेट मात्र दुरुस्त होऊ शकते. सडका भाग खणखणीत लोखंड लागेपर्यंत कापून टाकावा, तेवढ्याच किंवा किंचित अधिक जाडीच्या पत्र्याचा तुकडा घडवून सर्व कडांनी सलग वेल्डिंग करावे. सडक्या पत्र्यावर वरून ठिगळ लावणे किंवा भोकात लांबी भरून रंग मारणे ही फसवणूक आहे. बहुतेक वेळा आपण ती स्वतःचीच करून घेतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी. ऑम्नीची पेट्रोलची टाकी पोटाखालीच असते, हेही वेल्डरला आठवण करून द्यावे. टाकीजवळचे काम असेल तर टाकी उतरवूनच करावे.

गंजलेले बोल्ट जोर लावून मोडण्यापेक्षा धीर धरावा. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे साफ करून त्यावर गंज सैल करणारे तेल सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे. मग पाना आधी थोडा आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असा मागे-पुढे करावा. निम्मे बोल्ट तरी असे निघतात.

गंज काढणे आणि रंग देणे

जे भाग सुदृढ आहेत, त्यांना वाचवण्याचे हे काम. ते घरी करता येते. लागतो तो वेळ.

पहिल्या दिवशी गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सगळा चिखल आणि मीठ धुऊन काढावे. मीठ राहिले तर पुढचे सगळे व्यर्थ. नंतर दोन दिवस कडक उन्हात गाडी पूर्ण वाळू द्यावी. त्यानंतर पत्रीने सुटे पापुद्रे खरवडावेत, तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. ग्राइंडरवर तारेची वाटी लावून काम लवकर होते, पण डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क हवाच. तारेचे सुटलेले टोक डोळ्यात गेले तर गाडी वाचून काय उपयोग? पाट्यावर ग्राइंडरचे दगडी चाक मात्र चालवू नये. त्याच्या आडव्या ओरखड्यांतून नव्या चिरा सुरू होतात.

घासूनही खोलवरच्या बारीक खड्ड्यांत थोडा गंज राहतोच. त्यासाठी बाजारात रस्ट कन्व्हर्टर मिळतो. त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असते. ते घट्ट बसलेल्या गंजाशी संयोग पावून त्याचे काळपट, स्थिर थरात रूपांतर करते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे दिल्लीचा लोहस्तंभ आठवतो. गुप्तकाळातला, सात मीटरहून थोडा अधिक उंच, सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर असूनही फारसा गंजलेला नाही. आय.आय.टी. कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवले की, त्या लोखंडातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त संरक्षक थर तयार झाला आहे. दिल्लीची तुलनेने कोरडी हवाही त्याला उपयोगी पडली. डबीतला कन्व्हर्टर म्हणजे काही लोहस्तंभ नव्हे, पण तत्त्व जवळचे आहे.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. सुटा, भुसभुशीत गंज असेल तर कन्व्हर्टर वरवरच बसतो. म्हणून आधी घासणे अटळ आहे. आणि पाटे किंवा स्प्रिंग आम्लात बुडवून ठेवू नयेत. आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. स्प्रिंगसाठी तारेचा ब्रशच बरा.

कन्व्हर्टर वाळला की थिनरच्या फडक्याने धूळ-तेल पुसून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत. नुसता रेड ऑक्साईडही चालतो, पण खाऱ्या हवेत तो तुलनेने लवकर हार खातो. कडा, कोपरे आणि वेल्डिंगच्या रेषा यांना ब्रशने एक हात जादा द्यावा, कारण रंग कडेवरून ओढला जाऊन तेथे पातळ राहतो. त्यावर इनॅमल किंवा चांगल्या प्रतीचा अंडरबॉडी लेप. पूर्वी लोखंडी पुलांना आणि जहाजांना शेंदराचा हात देत. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साईड. गंज रोखण्यात उत्तम, पण विषारी. कोणाकडे जुना साठा असेल तर तो वापरू नये.

रंग लावायचा नाही अशा जागाही ध्यानात ठेवाव्यात : शॉकअपचा चकचकीत दांडा, रबरी बुश, बॉल जॉइंटच्या टोप्या, ब्रेकच्या रबरी नळ्या, ब्रेकची डिस्क आणि बोल्टचे आटे. पत्र्याच्या पोकळ पेट्यांना खाली बारीक छिद्रे असतात, ती पाणी निघून जाण्यासाठी. लेपाने ती बुजली, तर पेटीची पखाल होते. तारेने ती मोकळी ठेवावीत. त्याच छिद्रांतून आत मेणयुक्त गंजरोधक तेलाचा फवारा मारावा. ते पातळ असल्याने फटींत शिरते आणि मग घट्ट होते. पाट्यांच्या पट्ट्या सुट्या केल्या असतील, तर त्यांच्यामध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरावे.

हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग देऊ नये, असा रंगकामातला सर्वमान्य नियम आहे. म्हणजे कोकणात आणि मुंबईत हे काम जून ते सप्टेंबर करू नये. पहाटेचे दव पूर्ण उडाल्याशिवायही सुरू करू नये.

जुन्या ऑइलचा फवारा

पावसाळ्याआधी इंजिनमधले वापरलेले काळे ऑइल डिझेलमध्ये कालवून गाडीखाली मारण्याची पद्धत आपल्याकडे आहे. खर्च नाही म्हणून लोक ती पसंत करतात. ऑइलमुळे पाणी काही दिवस दूर राहते, हे खरे. पण तेच ऑइल रबरी बुश फुगवून मऊ करते, धूळ धरते आणि ब्रेकवर उडाले तर ब्रेक लागत नाही. पावसात ते धुऊन ओढ्यात, विहिरीत जाते. वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात, म्हणून ते हातालाही लावून घेऊ नये. मी हा प्रकार बंद केला आहे.

काळा लेप वाईट नाही. स्वच्छ, कोरड्या, प्रायमर दिलेल्या पत्र्यावर तो चांगले काम करतो. गंजावर मारला, तर तो गंजाला पांघरूण घालतो; आत ओल तशीच राहते आणि माणूस निर्धास्त होतो. एका दिवसात धुऊन, वाळवून, घासून लेप मारून देतो असे कोणी म्हणाले, तर वाळायला वेळ केव्हा दिला, हे विचारावे. मी २०१५ साली ते विचारले नाही.

वर्षाचा क्रम

माझ्याकडे गाडीची एक वही आहे. तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय बदलले, सगळे त्यात लिहितो. क्रम साधा आहे. एप्रिलमध्ये धुणे, तपासणी, घासणे आणि रंग. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुणे. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेली, तर घरी येताच त्याच दिवशी. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासणी आणि जेथे रंग उडाला तेथे डागडुजी.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. माझी गाडी २०१९ साली त्या तपासणीला गेली, तेव्हा मी निश्चिंत होतो, कारण खालचा प्रत्येक बोल्ट मी स्वतः पाहिलेला होता. पण कागद मिळाला म्हणजे गाडी सुरक्षित झाली, असे नाही. तो कागद एका दिवसाचे चित्र आहे. आणि हेही सांगितले पाहिजे की, प्रत्येक जुनी गाडी वाचवण्याजोगी नसते. पाटे जोडलेल्या पेट्याच आतून सडल्या असतील, स्क्रू ड्रायव्हर जागोजागी आत जात असेल, तर मोह सोडून ती अधिकृत भंगार केंद्रात द्यावी. जिच्यात आपण आपली मुले बसवतो, तिच्याबद्दल भावनेपेक्षा हातोडीचा आवाज खरा मानावा.

विद्यार्थी मित्रांना शेवटी दोन शब्द. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर तिकडे जाणाऱ्या मुलाकडे 'मार्क कमी पडले वाटते' अशा नजरेने पाहिले जाते. मी पदवीधर आहे. पण घाटात माझ्या कुटुंबाला ज्यांनी पुढे जाण्याजोगे केले, आणि न रागावता चूक समजावून सांगितली, त्या मेस्त्रींचे ज्ञान माझ्या पदवीत नव्हते. त्यांनी तेव्हा मजुरी घेतली ती तीनशे रुपये. तुटलेला तो तुकडा त्यांनी फेकून द्यायला सांगितला होता. मी तो जपून ठेवला आहे. माझ्या घरी खिडकीच्या फळीवर तो असतो. कोणी जुनी गाडी घेण्याबद्दल विचारायला आले, की आधी तो त्यांच्या हातात देतो आणि मग बोलायला बसतो. आपणही केव्हाही यावे.